डिस्कचा ताप

सराफाच्या दुकानात चोरी झाली की पोलीस आल्या आल्या कॅमेऱ्याचं फुटेज मागतात. शेठ कपाट उघडतात. खालच्या कप्प्यात तिजोरी, मधल्या फळीवर पावतीपुस्तकं आणि लक्ष्मीचा फोटो, वरच्या फळीवर जुन्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्याखाली चित्रण साठवणारा डीव्हीआर. डबा चालू असतो, हिरवा दिवा लागलेला असतो, टीव्हीवर सोळाच्या सोळा चौकटी दिसत असतात. फक्त मागचं काही सापडत नाही. रेकॉर्डिंगच्या यादीतली शेवटची तारीख तीन महिन्यांपूर्वीची निघते. डिस्क तेव्हाच गेलेली असते. कॅमेरे बघत होते, पण साठवत काहीच नव्हतं.

हा किस्सा एका दुकानाचा नाही. पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास गेलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणारे काही कारागीर आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसलं की असे शेठ, असे डबे रोज पाहायला मिळतात. "उन्हाळा लागला की डीव्हीआरची रांग लागते," तो सांगतो. "कपाटाला दार, दाराला कुलूप, डब्याला पंखा नाही. आणि डिस्क बसवलेली घरच्या कॉम्प्युटरची, कारण ती पाचशे रुपयांनी स्वस्त."

साडेतीन इंची हार्ड डिस्क चालू असताना साधारण पाच ते आठ वॅट उष्णता बाहेर टाकते. आकडा किरकोळ वाटतो. पण डीव्हीआरमधली डिस्क चोवीस तास, बारा महिने लिहीत असते आणि बंद कपाटात ती ऊब जायला वाट नसते. बहुतेक कंपन्या आपल्या डिस्कला ६० अंश सेल्सियसपर्यंत परवानगी देतात. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानातलं बंद कपाट हा आकडा सहज गाठतं.

कारागिराने एक डिस्क उघडून दाखवली. हे काम तो गाळलेली हवा सतत वाहत असलेल्या काचेच्या पेटीत करतो, कारण धुळीचा एक कण आत गेला तरी पुढचं सगळं व्यर्थ. झाकण निघालं. निरोगी डिस्कची चकती आरशासारखी असते, त्यात आपला चेहरा दिसतो. या चकतीवर मधोमध एक बारीक, मळकट वर्तुळ होतं, कुणी कंपासने गिरवल्यासारखं. कोपऱ्यातला पांढरा फिल्टर करडा पडला होता. चकतीवरचा चुंबकीय थर खरवडून निघाला होता आणि त्याची पूड फिरत फिरत फिल्टरमध्ये जाऊन बसली होती. "या रेघेखाली जे होतं ते आता जगात कुणीच काढू शकत नाही," तो म्हणाला, आणि लगेच फोनवर कुणाला तरी विचारू लागला, "काका, टिकटिक ऐकू आल्यावर तुम्ही किती वेळा चालू-बंद करून बघितलंत?" पलीकडून आलेल्या उत्तरावर त्याने नुसती मान हलवली.

चालू-बंद करण्याचा हा सोस का महाग पडतो, ते डिस्कची रचना पाहिली की कळतं. चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. तिच्यावरून लिहिणारं-वाचणारं हेड जवळपास तरंगत जातं आणि दोघांतलं अंतर असतं अवघे काही नॅनोमीटर. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. गंमत म्हणजे हे अंतर सांभाळायला डिस्क उष्णतेचीच मदत घेते. अलीकडच्या हेडमध्ये एक सूक्ष्म हीटर असतो. लिहायची-वाचायची वेळ आली की तो तापतो, हेडचं टोक किंचित फुगतं आणि चकतीच्या आणखी जवळ जातं. जिथे इतक्या नेमक्या उबेवर काम चालतं, तिथे बाहेरून वीस-तीस अंश वाढले की काय होत असेल? बेअरिंगमधलं तेल पातळ होतं, चकतीवरच्या वंगणाचा एकदोन नॅनोमीटरचा थर सरकतो, धातू प्रसरण पावतो आणि वाचताना हेडला पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागतात. डिस्क अचानक संथ झाली तर अनेकदा कारण हेच असतं. टिकटिक म्हणजे हेड जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाही. अशा वेळी परत वीज देणं म्हणजे जखमी हेड चकतीवरून आणखी एकदा फिरवणं.

आपल्याकडे या दुखण्यावर एक गावठी इलाज फार लोकप्रिय आहे: डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायची. कारागीर मंडळी या इलाजाचं नाव काढलं तरी चिडतात. थंड डिस्क बाहेर काढली की आतल्या हवेतलं बाष्प चकतीवर जमतं आणि हेड त्या थेंबांतून फिरतं. एरवी वाचला असता तो डेटाही हातचा जातो.

तर उष्णता वाईट, हे ठरलंच. पण किती वाईट? इथून पुढे गोष्ट आपल्या अंदाजाप्रमाणे जात नाही.

२००७ साली अमेरिकेत साठवणुकीच्या तंत्रावरची एक परिषद भरली. तिच्यात गूगलच्या एदुआर्दो पिनेरो, वोल्फ-डिट्रिश वेबर आणि लुइझ आंद्रे बारोसो या तिघांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा लेखाजोखा मांडला. तोवर सगळ्यांचा समज असा की डिस्क जितकी थंड तितकी दीर्घायुषी. आकडे तसं म्हणत नव्हते. मधल्या तापमानात चालणाऱ्या डिस्क आणि गरम डिस्क यांच्या मरणात फारसा फरक नव्हता. उलट फार थंड ठेवलेल्या डिस्कच जास्त मेल्या. उष्णतेचा फटका दिसला तो फार वरच्या तापमानाला, आणि तोही तीन-चार वर्षं वापरलेल्या डिस्कना. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट जास्त कामाची आहे. तपासणीत पहिली चूक सापडली की ती डिस्क पुढच्या साठ दिवसांत जाण्याची शक्यता, एकही चूक न दाखवणाऱ्या डिस्कच्या ३९ पट होते. आणि याची दुसरी बाजू अशी की मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी महत्त्वाच्या मानल्या जाणाऱ्या सूचनांपैकी एकही आधी दिली नव्हती. म्हणजे सूचना आली तर ऐकावी, पण ती येईलच या भरवशावर राहू नये.

त्याच परिषदेत बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी कंपन्यांच्या जाहिरातीतला आकडा तपासला. कागदोपत्री डिस्कचं सरासरी आयुष्य दहा लाख तास. त्या हिशेबाने वर्षाला शंभरातली एखादी डिस्क जायला हवी. प्रत्यक्षात ग्राहक वर्षाला दोन ते चार टक्के डिस्क बदलत होते आणि काही ठिकाणी हा आकडा तेरा टक्क्यांपर्यंत गेला होता. आता परिस्थिती बरी आहे. बॅकब्लेझ ही डेटा साठवून देणारी कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या डिस्कचे आकडे जाहीर करते आणि त्यांचं वार्षिक प्रमाण दीड टक्क्याच्या आगेमागे असतं. पण हे प्रमाण त्यांच्या थंड, वाऱ्याच्या, नीट बसवलेल्या कपाटांतलं आहे. शेठच्या लाकडी कपाटाला ते लावायचं कारण नाही.

मग मारतं कोण? २०१२ मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या अभ्यासात एक उत्तर निघालं. डिस्कवरच्या चुका वाढण्याशी सरासरी तापमानापेक्षा तापमानाच्या चढउताराचा संबंध जास्त ठळक होता. हे वाचताना मला आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतल्या सर्व्हर रूम डोळ्यांसमोर आल्या. काचेचं दार लावलेली दहा बाय दहाची खोली, आत एक रॅक, भिंतीवर दीड टनाचा एसी. लाईट गेली की सर्व्हर यूपीएसवर चालू राहतो, एसी मात्र बंद पडतो, कारण एसीचा भार यूपीएसला झेपत नाही. दोन किलोवॅटची यंत्रं त्या बंद खोलीत तापत राहतात आणि सुरुवातीला मिनिटाला एखाददोन अंश या वेगाने पारा चढतो. अर्ध्या तासाने लाईट येते, कुणीतरी घाईने एसी सोळावर लावतं आणि पारा तितक्याच वेगाने खाली. उन्हाळ्यात हे दिवसातून दोनदा. 'आमचा यूपीएस तासभर चालतो' असं अभिमानाने सांगणाऱ्याला एवढंच विचारावं, की त्या तासात दार उघडून खोलीत पंखा लावायला कुणी असतं का?

दुसरं उत्तर २०१६ साली आलं आणि ते मुंबई-कोकणाने कान देऊन ऐकावं असं आहे. मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरमधल्या दहा लाखांहून जास्त डिस्कच्या नोंदी तपासणाऱ्या संशोधकांना दिसलं की डिस्कच्या बिघाडावर उष्णतेपेक्षा हवेतल्या दमटपणाचा परिणाम मोठा आहे. त्यातही आतली चकती ठीक असते आणि वरची सर्किट, तिथले जोड गंजतात.

गंज म्हटला की नवी मुंबईकडे वळावंच लागतं. देशात डेटा सेंटरची सर्वांत मोठी गर्दी मुंबई परिसरात आहे आणि त्यातलीही बरीच ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा, ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईत उतरतात, वीज खात्रीची, बँका जवळ, म्हणून. पण एका बाजूला खाडीचा चिखल, दुसऱ्या बाजूला जुनी रासायनिक वसाहत, मधून उघडे नाले. ओहोटीला नाकाला जो वास येतो त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि गंधकाचं चांदी-तांब्याशी जुनं वैर आहे. घरातली चांदीची समई काळी पडते तीच ही क्रिया. जुलै २००६ पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंदी घातली. मग सर्किटवर शिसं-कथिलाच्या जागी काही ठिकाणी चांदीचा मुलामा आला. उद्देश चांगला होता, पण प्रदूषित हवेच्या शहरांत या चांदीवर काळी बुरशी धरल्यागत सल्फाइडचे थर चढू लागले आणि शेजारशेजारच्या वाटा एकमेकींना चिकटून शॉर्ट होऊ लागल्या.

यावर नजर ठेवायची पद्धत मला फार आवडते, कारण ती कुणालाही समजते. तांब्याची आणि चांदीची एकेक चकचकीत पट्टी यंत्रांच्या समोर महिनाभर टांगायची आणि मग प्रयोगशाळेत पाठवायची. तिच्यावर गंजाचा थर किती चढला ते तिथे मोजतात. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी आणि चांदीवर २०० पेक्षा कमी असेल तर हवा यंत्रांना मानवणारी. जास्त असेल तर बाहेरून येणारी हवा खास रसायनांच्या थरांतून गाळून घ्यावी लागते. तापमानाच्या चकचकीत पडद्यापुढे पाहुण्यांना उभं करणाऱ्या डेटा सेंटरने ती काळवंडलेली पट्टीही दाखवायला हवी, असं माझं मत.

दमट हवा आणि माणसांचा वावर दोन्ही काढून टाकले तर काय होतं, हे मायक्रोसॉफ्टने स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांपाशी पाहून घेतलं. २०१८ मध्ये शेकडो सर्व्हर भरलेलं एक पोलादी नळकांडं, आत कोरडा नायट्रोजन भरून, ११७ फूट खोल समुद्रतळाशी ठेवलं आणि दोन वर्षांनी वर काढलं. जमिनीवरच्या तशाच यंत्रांच्या तुलनेत बिघाडाचं प्रमाण आठव्या हिश्श्यावर आलं होतं. हे काही उद्या ऐरोलीच्या खाडीत होणार नाही, पण प्राणवायू, ओल आणि आपले हात हे तिघे काय करतात ते त्यातून कळलं.

काही शत्रू तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतात. १० सप्टेंबर २०१६ ला बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेने आपल्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी घेतली. आगीला प्राणवायू मिळू नये म्हणून अशा यंत्रणेतून दाबाखालचा निष्क्रिय वायू सुटतो आणि एरवी त्याने यंत्रांना इजा होत नाही. त्या दिवशी वायू सुटताना झालेला आवाज १३० डेसिबलच्या वर गेला. आवाजाने कपाटं थरथरली, त्यांच्यातल्या डिस्क थरथरल्या, आणि डझनावारी डिस्क कामातून गेल्या. कार्ड, एटीएम, ऑनलाइन व्यवहार जवळपास दहा तास बंद. आग लागलीच नव्हती. त्याआधी २००८ च्या अखेरीस ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने डिस्कच्या रांगेसमोर तोंड नेऊन जोरात ओरडून दाखवलं होतं आणि पडद्यावर त्या क्षणी डिस्क अडखळल्याचा आलेख उसळला होता. लोकांनी तो व्हिडिओ विनोद म्हणून पाहिला.

चकतीच नसली तर ही सगळी कटकट संपेल, म्हणून एसएसडी आली. तिच्यात फिरणारं काही नाही, पण ताप तिलाही होतो. फार तापली की ती स्वतःचा वेग कमी करून घेते. शिवाय तिच्यातला डेटा म्हणजे कोंडून ठेवलेले विद्युतभार, आणि वीज नसताना ते हळूहळू निसटतात. उद्योगाच्या मानकानुसार, पूर्ण वापरून झालेल्या साध्या एसएसडीने वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष डेटा धरला पाहिजे. त्याहून गरम जागी ती मुदत आखडते. अकोल्याच्या उन्हाळ्यात माळ्यावरच्या पेटीत घरचे फोटो एसएसडीवर 'कायमचे' ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

एसएसडीचं सगळ्यात विचित्र मरण मात्र उष्णतेने आलं नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने ग्राहकांना कळवलं की त्यांच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील, म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तासांनी, आणि मग डिस्कही परत येणार नाही, डेटाही नाही. तास मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आकडा तिथवरच मावत होता. यातली भीती समजून घ्या. कचेरीत डिस्क एकदम विकत घेतात, एकाच दिवशी बसवतात, एकाच वेळी सुरू करतात. म्हणजे त्या जाणारही एकाच तासाला.

'एक गेली तरी बाकीच्या आहेत' या हिशेबाची मुळं १९८८ मधल्या बर्कलीच्या निबंधात आहेत. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कचा गट करून 'रेड' ही रचना मांडली. चार डिस्कमध्ये डेटा असा वाटायचा की एक मेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर पुन्हा तयार करता यावा. कल्पना नामी आहे, पण आपल्याकडे तिला बॅकअप समजतात आणि तिथे घात होतो. एक डिस्क गेली की नवी भरण्यासाठी उरलेल्या डिस्क अखंड वाचाव्या लागतात. वीस टेराबाइटची डिस्क सेकंदाला दोनशे मेगाबाइटच्या वेगाने भरायची तर सलग सत्तावीस-अठ्ठावीस तास लागतात, आणि तेही दुसरं काही काम चालू नसेल तर. जोडीतल्या एका बैलाचा खांदा गेल्यावर सगळी नांगरट दुसऱ्याकडून करून घ्यावी, तसं ते असतं. तो दुसराही त्याच बाजारातून, त्याच दिवशी आणलेला.

पुण्याच्या कारागिराने एका पतसंस्थेची हकीकत सांगितली. चार डिस्कचा डबा, काउंटरखाली. एक डिस्क गेली, डब्याने बीप बीप सुरू केलं. कॅशिअरबाईंना त्या आवाजाने हिशेब सुचेना, म्हणून कुणीतरी मेनूत जाऊन आवाज बंद करून दिला. कित्येक आठवड्यांनी दुसरी कुरकुरायला लागली तेव्हा माणूस बोलावला. त्याने घाईत मेलेली डिस्क काढायच्या ऐवजी शेजारची चांगली काढली. "डब्यावर साधी चिठ्ठी लावली असती, कुठल्या खणात कुठल्या नंबरची डिस्क, तर माझ्याकडे यायची वेळच आली नसती," तो म्हणाला. डेटा मिळाला का, या प्रश्नावर त्याचं उत्तर, "खातेदारांच्या पासबुकांवरून पुन्हा भरला त्यांनी."

पतसंस्था लहान होती म्हणून असं झालं असं कुणी म्हणू नये. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरच्या पाचव्या मजल्यावर यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. लिथियम बॅटरीची आग वरवरच्या पाण्याने विझत नाही. एक खाना तापला की तो शेजारच्याला तापवतो आणि साखळी चालू राहते. ३८४ बॅटऱ्या जळाल्या, आग पूर्ण विझायला जवळपास एक दिवस गेला. ७०९ सरकारी यंत्रणा थांबल्या, टपाल खात्यापासून ओळखपत्राच्या पडताळणीपर्यंत. त्यांतल्या बहुतेक यथावकाश परत आल्या. परत आली नाही ती 'जी-ड्राइव्ह', म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कामाची कागदपत्रं ठेवायची जागा. ८५८ टेराबाइट, आणि बाहेर कुठेही प्रत नव्हती. कारण असं सांगितलं गेलं की एवढ्या मोठ्या साठ्याची बाहेर प्रत ठेवणं त्या यंत्रणेला शक्य नव्हतं. काही कर्मचाऱ्यांना तर आपल्या कॉम्प्युटरवर काही न ठेवता सगळं तिथेच ठेवायच्या सूचना होत्या.

डिजिटल कारभारात जगाला धडे देणाऱ्या देशाची ही गत. बॅटरी कुणी चुकीची हलवली, तिची मुदत संपली होती का, यावर तिथे चौकशा झाल्या, आणि त्या व्हायलाच हव्यात. पण माझ्या लेखी त्या रात्रीचा खरा अपराध आगीचा नाही. ८५८ टेराबाइट म्हणजे आजच्या वीस टेराबाइटच्या डिस्क पन्नासाच्या आतच. एवढी प्रत दुसऱ्या गावी ठेवणं अशक्य होतं, हे कुठलाही हार्डवेअरवाला मान्य करणार नाही.

दुसरं गावच का, ते लंडनने दाखवलं. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच ४० अंशांवर गेला तेव्हा लंडनमध्ये गूगल आणि ओरॅकल यांच्या डेटा सेंटरमधली वातानुकूलन यंत्रं हरली. या कंपन्यांनी काही सर्व्हर स्वतःहून बंद केले, कारण तापलेली यंत्रं चालू ठेवण्यापेक्षा सेवा काही तास बंद ठेवणं परवडतं. त्याच दिवशी गाइज अँड सेंट थॉमस या रुग्णालय संस्थेची दोन्ही डेटा सेंटर पडली. डॉक्टर कागद-पेन घेऊन फिरत होते आणि सगळं जागेवर यायला कित्येक आठवडे गेले. दुसरं केंद्र होतं, पण तेही त्याच शहरात, त्याच उन्हात.

दिवाळीची साफसफाई आपण दरवर्षी करतो. त्यात डीव्हीआर आणि एनएएस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) राहून जात असतील तर ते बंद करून मागची जाळी ब्रशने झाडून घ्या, कपाटाचं दार काढा किंवा त्याला जाळी लावा, कोणत्या खणात कुठल्या नंबरची डिस्क आहे त्याची चिठ्ठी चिकटवा. बीप वाजली तर बंद करण्याआधी ती का वाजते ते वाचा. टिकटिक ऐकली तर वीज काढा आणि पुन्हा लावू नका. डीव्हीआरवर मागच्या मंगळवारचं रेकॉर्डिंग लावून बघा. आणि एवढं सगळं जमलं नाही तरी एक कराच: बॅकअप म्हणून जे ठेवलं आहे त्यातली चार वर्षांपूर्वीची एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडली नाही, तर फराळाचं ताट बाजूला ठेवा आणि आधी तेवढं उरका.